‘जा, पण लवकर या’ असं मी म्हणालो होतो

बागूल,

अलकाचा फोन आला तेव्हा मी बँकेत रांगेत उभा होतो. हयातीचा दाखला द्यायचा होता. नोव्हेंबर आला की आपण सगळे निवृत्त लोक हेच करतो, अजून जिवंत आहोत हे सांगायला रांग लावतो. “काका, अण्णा गेले,” ती म्हणाली. “सकाळी शेतात कांद्याच्या रोपाच्या जुड्या बांधत होते. बांधता बांधता खाली बसले, ते उठलेच नाहीत.” मी “बरं” म्हणालो. रांग पुढे सरकत होती तसा मीही सरकत राहिलो. खिडकीतल्या मुलीने कागद पुढे केला, मी सही केली. बाहेर येऊन पायरीवर बसून राहिलो.

तुमच्या गावी, देवळ्याला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तुमचा चेहरा बघायला मिळाला नाही. खरं सांगू का, थोडं सुटल्यासारखंही वाटलं. तुमच्यासमोर बसून जे कधी नीट सांगता आलं नाही ते तुमच्या देहापुढे हात जोडून मनात म्हणणं, हा फार सोयीचा प्रकार झाला असता.

ओट्यावर खात्यातली आपली जुनी माणसं जमली होती. कुणी म्हणालं, भला माणूस. कुणी म्हणालं, अक्षर काय होतं बागुलांचं, स्टेशन डायरी छापल्यासारखी दिसायची. एक जण म्हणाला, “फक्त ते एक प्रकरण नडलं बिचाऱ्याला. न विचारता काउंटर सोडून गेला. नाहीतर सहायक फौजदार होऊन रिटायर झाला असता.” सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. त्या हलवलेल्या मानेसाठी हे लिहितो आहे.

मी तुमच्या ठाण्यात आलो ती पंच्याण्णवच्या आसपासची गोष्ट. ठाण्याचं नाव लिहीत नाही, तुम्हाला-मला ते ठाऊक आहे. शिपाई म्हणून भरती होऊन, परीक्षा देत देत मी पंचेचाळिशीत उपनिरीक्षक झालो होतो. खांद्यावरचे दोन तारे इतके नवे की येताजाता काचेत बघायचो. तुम्ही माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठे. हवालदार, आणि आमचे ठाणे अंमलदार. म्हणजे ठाण्यात पाऊल टाकणाऱ्याला पहिला दिसणारा चेहरा तुमचा. त्याचं ऐकायचं तुम्ही, लिहून घ्यायचं तुम्ही, फोन उचलायचा तुम्ही.

दारातून शिरलं की डाव्या हाताला काळा फळा होता. मंजूर इतके, हजर इतके. वरच्या आकड्याच्या निम्मी माणसंही मी खालच्या ओळीत कधी पाहिली नाहीत. जी होती त्यातलं कुणी कोर्टात, कुणी साहेबांच्या बंगल्यावर, कुणी आजारी, आणि उरलेली सगळी बंदोबस्तावर. पंचवटीच्या बाजूला देवांना तोटा नाही, म्हणून बंदोबस्तालाही नाही. रामाचा रथ झाला की गणपती, गणपती झाले की नवरात्र, मधूनमधून मोर्चे आणि मंत्री. जीप एकच, तीही उतारावर उभी करावी लागायची, म्हणजे सोडली की आपोआप सुरू व्हावी. अलकाच्या साखरपुड्याला तुम्ही खाकी पँटवर पांढरा सदरा चढवून गेलात आणि कुंकू लागताच परत आलात, कारण तुमच्या जागी बसायला कुणीही नव्हतं. त्या दिवशी तुम्ही डब्यात आणलेले लाडू आम्ही तिघांनी खाल्ले. चौथा कुणी ठाण्यात नव्हताच.

तुमच्या आडनावाची गंमत आठवते. ठाण्यामागच्या गल्लीतल्या बाया पोरांना भीती घालायच्या, “जेव, नाहीतर बागूल येईल.” तुम्ही मला म्हणायचात, “बघा साहेब, नुसत्या नावावर काम होतं. काठी लागत नाही.” आणि काठी तुम्ही खरंच लावली नाहीत. रडत-ओरडत आलेल्या माणसाला तुम्ही आधी माठातलं पाणी द्यायचात आणि पेला रिकामा होईपर्यंत एक शब्द विचारायचा नाहीत. बागलाणाकडचं कुणी आलं की तुमची भाषाच बदलायची. “बठ आठे. काय व्हयनं ते सांग.” तो माणूस घरी आल्यासारखा पाय पसरून बसायचा.

मला तेव्हा फार लवकर राग यायचा. एकदा एका रिक्षावाल्यावर मी हात उगारला आणि तुम्ही मधे येऊन उभे राहिलात, हातात रजिस्टर. “साहेब, एक सही राहिलीय.” मी आत गेलो, सही कुठे करायची विचारलं, तर तुम्ही रजिस्टर मिटलंत. “काही राहिलेली नाय. जरा बसा.” पुढे जेव्हा जेव्हा माझा आवाज चढायचा तेव्हा तेव्हा माझी एक सही राहिलेली असायची. त्या न केलेल्या सह्यांमुळे मी कितीदा वाचलो याचा हिशेब लागणार नाही. त्याबद्दल तुमचे आभार मी कधी मानले नाहीत. साहेब लोक हवालदाराचे आभार मानत नसत, एवढंच त्याचं कारण.

आता तो दिवस.

मोठ्या मंत्र्यांचा दौरा होता. सकाळी आठपासून सगळी माणसं रस्त्यावर. ठाण्यात उरलो तिघे: मी, तुम्ही आणि आतल्या बाजूला लॉकअपवर पहारा देणारा एक शिपाई. मंत्र्यांच्या गाड्यांचा ताफा शहराबाहेर जाईपर्यंत मी वायरलेसजवळून हलायचं नाही असा वरून हुकूम.

साडेअकराच्या सुमारास ती बाई धावत आली. अनवाणी, केसांत सिमेंटची धूळ. हरसूलकडची, बांधकामावर विटा वाहणारी. यमुना तिचं नाव. तुम्ही पाण्याचा पेला पुढे केलात, तिने तो हाताने बाजूला सारला.

“पानी नको दादा. माझे बहिनीला तिचे नवऱ्यानं खोलीत कोंडलाय. रॉकेल वतलाय तिचे आंगावर. चाल, लवकर चाल.”

“कुठं?”

“नवे बिल्डिंगीचे मागं. पत्र्याचे खोलीत.”

सायकलवर दहा मिनिटं. मी वायरलेसवर माणूस मागितला. उत्तर आलं, ताफा जाईपर्यंत कुणी मिळणार नाही. यमुना माझ्याकडे बघत होती, तुम्हीही माझ्याकडे बघत होतात.

“साहेब, मी जाऊन येतो. अर्धा तास.”

ठाणे अंमलदाराने काउंटर सोडायचं नसतं हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत होतं. म्हणून तर तुम्ही विचारलंत. आणि मी म्हणालो, “जा, पण लवकर या.”

एवढंच बोलणं. लॉकअपवरचा शिपाई आत होता, त्याला ते ऐकू जाण्याचं कारण नव्हतं. यमुना तोवर दाराबाहेर पडली होती. तुम्ही टोपी घातलीत, तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवलंत आणि गेलात.

पंधरा मिनिटांनी वायरलेसवरून हाक आली. ताफ्याच्या रस्त्यावर कोबीने भरलेला टेम्पो बंद पडला होता आणि सगळ्यांत जवळ मी होतो. “तुम्ही स्वतः जा. ताबडतोब.” काउंटरवर दुसरं कुणी नाही, असं मी म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. गेलो. चार हमालांबरोबर मीही टेम्पोला खांदा लावला. ताफा धूळ उडवत निघून गेला आणि मला काहीतरी मोठं काम केल्यासारखं वाटलं.

तेवढ्या वेळात वरिष्ठांनी ठाण्यात दोनदा फोन केला होता. लॉकअपवरच्या शिपायाला पहारा सोडता येत नव्हता, कुणी उचलला नाही, म्हणून ते स्वतः आले. मी परतलो तेव्हा ते तुमच्या खुर्चीत बसले होते. समोर डायरी उघडी, तुमचं पेन तिच्यावर आडवं.

“ठाणे अंमलदार कुठे आहे?”

“एका तक्रारीवर गेलाय, सर.”

“कुणाच्या परवानगीने?”

बागूल, मी तेव्हा काय विचार केला हे अनेकदा आठवून पाहिलं आहे. विचार केलाच नव्हता. मी पाठवलं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग त्याला पाठवून तुम्ही स्वतः ठाणं टाकून कसे गेलात? तोंडातून आपोआप निघालं, “मला न विचारता गेला, सर.”

“कसुरी रिपोर्ट पाठवा. आजच्या आज.”

ते उठून उभे राहिले आणि त्याच वेळी तुम्ही दारात आलात. भाजीची एक हातगाडी ढकलत आणली होतीत. गाडीवर घोंगडीत गुंडाळलेली यमुनाची बहीण, हौसा. विशी-बाविशीची असेल. घोंगडीतून रॉकेलचा भपकारा येत होता. तुम्ही विटेने कडी तोडली होतीत, तिचा नवरा काडेपेटी टाकून पळाला होता, आणि पत्रा लागून तुमचा उजवा तळहात चिरला होता. वरिष्ठांनी हातगाडीकडे पाहिलं, तिला सिव्हिलला पाठवा म्हणाले, आणि जीपमध्ये बसता बसता मला पुन्हा आठवण केली, “आजच्या आज.”

रिपोर्ट मी स्वतःच्या हाताने लिहिला. ‘विनापरवानगी काउंटर सोडून गेले.’ ठाण्यात रॉकेलचा वास अजून होता.

नोटीस दोन दिवसांनी मीच तुमच्या हातात दिली. तुम्ही ती उभ्याने वाचलीत. पट्टी बांधलेल्या हाताचं तुमचं बोट ओळीवरून सरकत ‘विनापरवानगी’वर आलं आणि तिथे थांबलं. मग तुम्ही पोच म्हणून सही केलीत आणि विचारलंत, “साहेब, सिव्हिलला त्या पोरीच्या जबाबाला कोण जातंय? मी जाऊ का?”

चौकशीत तुम्हाला विचारलं, परवानगी घेतली होती का? मी शेजारीच बसलो होतो. “वेळ नव्हता, साहेब,” असं तुम्ही म्हणालात. माझ्याकडे बघितलं नाहीत. तुमची वेतनवाढ थांबली, बढतीच्या यादीतलं नाव गेलं. पुढच्या वर्षी तुमच्या मागून भरती झालेले दोघे सहायक फौजदार झाले आणि तुम्ही त्यांना सॅल्यूट करायला लागलात. हौसाचा नवरा सापडला, त्याला शिक्षा झाली. ती बहिणीबरोबर हरसूलला परत गेली. बाजाराच्या दिवशी नागली विकायला बसते, असं तुम्ही एकदा सहज सांगितलंत. म्हणजे तुम्ही तिथे जाऊन तिची चौकशी केली होतीत. मी केली नव्हती.

कितीतरी वर्षं मला वाटायचं की माझा अपराध इथे संपतो. खोटं लिहिलं, तुमचं नुकसान झालं. तुमच्या लेखी तो इथे सुरू झाला होता, हे मला फार उशिरा समजलं.

त्या प्रकरणानंतर मी एक कागद टाइप करून घेतला. काहीही झालं तरी ठाणे अंमलदाराने काउंटर सोडू नये. सगळ्यांच्या सह्या घेतल्या, पहिली तुमची, आणि तो कागद काउंटरमागच्या भिंतीवर चिकटवला.

वर्षभराने गणपतीच्या बंदोबस्तात ठाणं पुन्हा असंच ओस पडलं होतं. मखमलाबादच्या वाटेवर शेवंती-झेंडू लावणारे एक माळी गृहस्थ आले. फुलं बाजारात न नेता पाटी घेऊन थेट आपल्याकडे आले होते. त्यांची मुलगी सुनंदा आपल्या हद्दीत दिलेली. जावई दोन दिवस तिला भेटू देत नव्हता. शेजारीण म्हणाली होती, आतून रडण्याचा आवाज येतो. “साहेब, फक्त कुणीतरी वर्दीतलं माणूस बरोबर द्या,” ते म्हणाले. “दार उघडायला लावा. मी पोरीला घेऊन जातो, बाकी मला काही नको.”

“बाबा, आज माणूस नाही,” मी म्हणालो. “उद्या सकाळी या. नक्की देतो.”

काउंटरवरून तुम्ही म्हणालात, “साहेब, मी...” मी मान वर न करता भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं.

ते दहा वाजता आले होते, दोनपर्यंत बाकावर बसून राहिले. कुणी परत येईल, एखादा मोकळा होईल, अशी आशा असावी. तुम्ही त्यांना दोनदा पाणी दिलंत. मग पाटी उचलून ते गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले नाहीत, बातमी आली. जावयाच्या घरामागे विहीर होती. पंचनाम्याला तुम्हीच गेलात. परत येऊन डायरीत नोंद केलीत, पेन ठेवलंत, माझ्या खोलीत आलात आणि दार लोटलंत. आपल्या सगळ्या नोकरीत तुम्ही दार लोटून माझ्याशी बोललात ते एकदाच.

“माणूस नव्हता, बागूल,” तुम्ही काही बोलायच्या आधी मीच म्हणालो. “कुणाला पाठवणार होतो मी?”

“मला.”

“तुम्ही काउंटरवर होता.”

“हो. तिथंच होतो. चार तास त्या बापाच्या समोर बसून होतो.”

“आणि पुन्हा कुणी तपासणीला आलं असतं तर?”

“तर तुम्ही अजून एक रिपोर्ट लिहिला असता. माझं काय जायचं राहिलं होतं?”

मी म्हणालो, “बाहेर जा.” तुम्ही गेलात. पुढचे कितीतरी महिने तुम्ही माझ्याशी कामापुरतं बोललात. माझा आवाज चढला तरी कुठली सही राहिलेली नसायची. माझी बदली झाली तेव्हा तुम्ही हार घातलात, फोटोत उभे राहिलात आणि ड्यूटीवर गेलात.

मग कुंभमेळ्यात भेटलो. सगळ्या ठाण्यांतली माणसं गोळा केली होती, तरी कमीच. तुम्ही निवृत्तीला आलेले, मी पोलीस निरीक्षक. सकाळचं कोवळं ऊन होतं, घाटावर दोरी धरून तुम्ही उभे होतात, गर्दी अजून वरच्या रस्त्यावर अडवलेली. दहा-पंधरा मिनिटं मोकळी मिळाली. मी तुमच्याजवळ येऊन उभा राहिलो.

“एक बोलायचं होतं, बागूल. त्या रिपोर्टाबद्दल.”

“कशाला उकरता, साहेब?”

“मी तुम्हाला जा म्हणालो होतो.”

“मला सांगता? मीच तर ऐकलं होतं.” तुम्ही हसलात.

“मग चौकशीत बोलला का नाहीत?”

तुम्ही दोरी या हातातून त्या हातात घेतलीत. “बोललो असतो तर तुमचे तारे गेले असते. नवीन साहेब आला असता. आणि साहेब, खरं सांगू? इतकी वर्षं नोकरी केली, दुसरा कुणी साहेब मला जा म्हणाला नसता. सगळ्यांनी रजिस्टर दाखवलं असतं. तुम्ही म्हणालात. मला वाटलं, असा एक माणूस ठाण्यात राहिलेला बरा. माझ्या बढतीपेक्षा ते बरं.” तुम्ही दोरी मनगटाला गुंडाळलीत. “पण तो राहिला नाय. त्या दिवसापासून तुम्ही घाबरलात. बढतीचं मला काही वाटत नाय साहेब, देवाशपथ. त्याचं वाईट वाटतं.”

मी चिडलो. तुम्हाला आठवत असेल. एक माणूस इकडून तिकडे धावला म्हणून ठाणं चालत नाही, म्हणालो. भरती सरकारने करायची, ती करायची नाही, आणि जे घडेल त्याचा दोष आपण एकमेकांवर टाकायचा? तुम्ही म्हणालात, “ते सगळं खरं हाय. पण दारात आलेल्या माणसाला ते सांगून काय उपयोग?” तेवढ्यात शिट्टी वाजली, वरची दोरी सुटली, माणसांचा लोंढा खाली आला आणि आपलं भांडण तिथेच राहिलं. ते पुढे आपण कधी केलं नाही. मी दर वर्षी एकदा देवळ्याला यायचो, तुम्ही मला रोप दाखवायचात, कांदाचाळीतला साठा दाखवायचात, वहिनी जेवू घालायच्या. मी विषय काढायचा ठरवून यायचो आणि कांद्याच्या भावावर बोलून परत जायचो.

म्हणून भांडणाची माझी बाजू आता लिहितो. मला अजूनही वाटतं की तुमचं सगळंच बरोबर नव्हतं. तुम्ही हौसाला सोडवायला गेलात, त्या तासाभरात आणखी कुणी आपल्या दारात आलं असेल का? रिकामी खुर्ची बघून परत गेलं असेल का? आपल्याला कधी कळणार नाही. त्या न कळलेल्या माणसाचं काय, हे मला तुम्हाला विचारायचं होतं. कदाचित तुम्ही म्हणाला असतात की जो दिसत नाही त्याच्या नावाने, जो दिसतो त्याला परत पाठवायचं का. आणि मग माझ्याकडे उत्तर नसतं. पण तुम्ही ते म्हणायला हवं होतं आणि मी गप्प बसायला हवं होतं. हे माझं एकट्याने दोन्हीकडून बोलणं काही खरं नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. कुंभमेळ्यानंतर निवृत्तीपर्यंत मला जी दोन ठाणी मिळाली, तिथे मी तसा कागद लावला नाही. दोन वेळा मी स्वतः, निरीक्षक असून, फोनवर वायरलेसचा शिपाई बसवून तक्रारदाराबरोबर चालत गेलो. एकदा काहीच निघालं नाही, शेजाऱ्यांचं नळावरचं भांडण होतं. दुसऱ्यांदा एक म्हातारी जिवंत सापडली. तुम्हाला हे ऐकून बरं वाटलं असतं. फुशारकी वाटेल म्हणून बोललो नाही. फुशारकीच होती, तरी सांगायला हवं होतं.

काल तुमचा दहावा झाला. सगळे जेवून पांगल्यावर मी ओसरीत वहिनींजवळ बसलो. अलका शेजारी होती. वहिनी तुमच्याबद्दल बोलत होत्या, शांतपणे. म्हणाल्या, “सगळं चांगलंच केलं हो त्यांनी. एकदाच मनाला येईल तसं वागले. कुणाला न विचारता उठून गेले, आणि जन्माचं नुकसान करून घेतलं.”

तेव्हा मला कळलं की तुम्ही त्यांनाही सांगितलं नव्हतं. स्वतःच्या बायकोलाही नाही.

“विचारून गेले होते, वहिनी,” मी म्हणालो. “मला विचारून गेले होते. मी जा म्हणालो होतो. नंतर मी खोटं लिहिलं.”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ते समजलं नाही असं मला वाटलं. मग त्या म्हणाल्या, “लय बोलले मी त्यांना. जेवताना बोलले, पाहुण्यांपुढं बोलले. तुमच्यामागचे फौजदार झाले, अन तुम्ही कुणाला विचारलं का नाय म्हणून. ते नुसते हसायचे. अन तुम्ही दर वर्षाला यायचे इथं. माझ्या हातचं जेवायचे.”

“हो.”

“तेव्हा तोंड कुठं गेलं होतं तुमचं?”

त्या उठून आत गेल्या. अलका थांबा म्हणाली नाही आणि जा असंही म्हणाली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण माझ्याकडे बघताना तिची नजर तुमच्यासारखी मवाळ नव्हती. तसं असायचं कारणही नव्हतं. मी चपला घातल्या आणि अंगणातून रस्त्यावर आलो.

फाट्याच्या दिशेने थोडा गेलो असेन, मागून वहिनींची हाक आली. डोक्यावरचा पदर सावरत त्या कुंपणापर्यंत आल्या होत्या.

“साहेब, मला एकटीला सांगून भागायचं नाय. साऱ्या गावाला, साऱ्या खात्याला वाटतं ते न विचारता गेले. तेराव्याला माणसं येतील, तुमच्यातलीही येतील. जे घडलं ते सगळं लिहून आणा अन सगळ्यांपुढं वाचा. अलकाला नाय द्यायचं वाचायला. तुम्ही वाचायचं. मोठ्यानं.”

“वाचतो,” मी म्हणालो. त्या वळून घरात गेल्या.

आज सकाळी बसलो आणि हे लिहिलं. बायकोला वाचून दाखवलं. माळीबाबांचा भाग गाळा, ते कुणी विचारलेलं नाही, असं ती म्हणाली. मी गाळलेला नाही. सुनंदाचे वडील आता कुठे असतील, असतील की नाही, मला माहीत नाही. मखमलाबादला जाऊन विचारायचं आहे, आणि तिथे काय बोलायचं ते अजून समजत नाही.

परवा सकाळच्या पहिल्या बसने देवळ्याला येतो आहे. वाचताना अडखळेन, तुमच्यासारखा सरळ आवाज माझा नाही. वाचून झाल्यावर वहिनी जेवायला थांबा म्हणाल्या तर थांबेन. नाही म्हणाल्या तर कागद अलकाच्या हातात देऊन निघेन.